राखणीला कोण थांबणार?

आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली की आहेर काय करायचा, याच्या आधी एक प्रश्न निघायचा. राखणीला कोण थांबणार? आणि उत्तर ठरलेलं असायचं. मी. मामाच्या मुलीच्या लग्नाला मी नव्हतो, आत्याच्या मुलाच्या लग्नाला नव्हतो. सख्ख्या बहिणीच्या लग्नात तर अक्षता पडल्या पडल्या मला कार्यालयातून सायकलवर घरी पिटाळलं, कारण घरात ज्या शेजारच्या म्हातारीला बसवून आलो होतो तिला जेवायला जायचं होतं. मांडवातल्या लोकांना वाटायचं, यांच्या घरी बरंच सोनंनाणं दिसतंय. कसलं सोनं न् कसलं नाणं. दोन खोल्या, वर पत्रा, आणि त्याही भाड्याच्या.

त्या दोन खोल्या जाऊ नयेत म्हणून आम्ही त्या राखत होतो, आणि राखता राखता माझी आई वरच्या मजल्यावर अडकून पडली. तिला जिवंतपणी खाली आणायचं होतं, एवढीच गोष्ट आहे. पण त्याच्यासाठी मला अर्धं आयुष्य मागं जावं लागतंय.

नवी पेठेच्या मागं एका बोळात मालकांचं घर. खाली त्यांचा टॉवेल-चादरींचा कारखाना, त्याला लागून त्यांचं राहतं घर, आणि वर आम्ही. मालक तेलुगू बोलणारे, विणकरांच्या घरातले. आमच्याशी मराठी बोलायचे ते अगदी सोलापुरी. मी जन्मायच्या आधी वडिलांनी ती जागा भाड्यानं घेतली होती. तेव्हाच्या मानानं भाडं रास्त होतं म्हणतात. मग कायद्यानं ते जिथल्या तिथं थिजवलं, आणि पुढं वाढलं ते मुंगीच्या पावलानं. शेवटी शेवटी मालकांना त्याला भाडं म्हणायचीच लाज वाटायची. "तुमचं ते दिलंत का?" असं विचारायचे.

स्वस्त जागा मिळाली म्हणजे माणूस सुखी, असं ज्याला वाटतं त्यानं त्या पत्र्याखाली सोलापूरचा एक मे महिना काढून दाखवावा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी, तेही खाली. संडास खाली, मागच्या अंगणात. दिवसभर मागांची खटखट. माग बंद पडले की आम्हाला कसंतरीच व्हायचं, कानात दडे बसल्यासारखं.

वडील एका मिलच्या ऑफिसात कारकून होते. त्यांना आरत्या धड येत नव्हत्या, पण भाडे कायदा तोंडपाठ होता. सहा महिने जागा कारणाशिवाय बंद ठेवली की जागा जाते, हे कलम त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरानं कुलूप पाहिलं नाही. मी एकदा म्हणालो, "अहो सहा महिने म्हणतात ना, एका दिवसानं काय होतंय?" तर म्हणाले, "सहा महिन्यांचा पहिला दिवस कुठनं तरी सुरू होतोच की." बोळातल्या कुणी कुलूप पाहिलं की तो उद्या साक्षीला उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरात सतत एक माणूस हवं. माणूस नसेल तर म्हातारी हवी.

जिन्याचंही तेच. दोन भिंतींच्या मधनं दगडी जिना, पायऱ्या उंच, कठडा नाही. माझी धाकटी बहीण पोटात असताना आई त्यावरून घसरली, थोडक्यात निभावलं. वडील कठडा बसवायला निघाले. पण कठडा बसतो भिंतीत, भिंतीत भोक म्हणजे बांधकाम, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं की भाडेकरू गेलाच. मग मागावी परवानगी. तर वडिलांना भीती, की कागदावर लिहिताना कुठला शब्द कुठं नडेल सांगता येत नाही. आणि मालकांना भीती, की असं लिहून दिलं तर हा माणूस आपला कायमचा भाडेकरू हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. दोघंही भले, दोघंही जिन्याखाली उभे, आणि दोघंही लिहायला तयार नाहीत. शेवटी मालकांनीच तोड काढली. कारखान्यातला जाड सुती दोर आणला, वर चौकटीला बांधला, खाली कडीला. म्हणाले, "दोर हाय, सोडला की सुटतो. ह्याला बांधकाम कोण म्हणतंय?" त्या दोराला धरून आम्ही वाढलो. दोर झिजला की मालक न मागता नवा देत.

पुढं मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना वरच्या खोल्या हव्या झाल्या. त्यांचंही खरंच होतं. स्वतःचं घर, आणि सुनेला पडदा लावून कारखान्याच्या कोपऱ्यात झोपवायचं? आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी म्हणतात ते हेच. त्यांनी केस घातली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आमच्याकडं दोन शहाणे ती जोडीनं चढायचे. तारखेच्या दिवशी बोळाच्या तोंडाशी एकच रिक्षा यायची. एका बाजूला मालक, एका बाजूला वडील, मधे दोघांच्या पिशव्या. आत जाऊन एकानं सांगायचं, याला घराबाहेर काढा. दुसऱ्यानं सांगायचं, माझं निघायचं ठिकाण नाही. मग पुढची तारीख घेऊन दोघं बाहेर चहा प्यायचे, येताना दोन्ही घरांना भजी आणायचे. आई भज्यांचा पुडा घेताना विचारायची, "काय झालं?" वडील म्हणायचे, "काही नाही. उकडत होतं."

त्या केसमध्ये आमचं शस्त्र एकच. दुसरीकडं कुठं जागा नाही. जागा नाही म्हणून आम्हाला जास्त त्रास, म्हणून आम्हाला काढू नका. त्यामुळं जागा नसणं हे आम्ही दागिन्यासारखं जपलं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क लागलो, लग्न झालं, आणि वर्षभरातच आमच्या स्टाफच्या सोसायटीत मला विजापूर रोडला प्लॉट मिळत होता. मी आनंदानं घरी आलो. वडिलांनी चष्मा काढला.

"तुझ्या नावावर घर झालं की ही खोली गेली. कायद्यात आहे. दुसरं घर झालं की जुनी जागा सोडावी लागते."

"मग सोडू की. घर होतंय ना?"

"केस चालू आहे. आज प्लॉट घेशील, घर बांधायला दहा वर्षं लागतील, ही जागा उद्या जाईल. मधली दहा वर्षं आईला घेऊन कुठं राहणार आहेस?"

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. त्या दिवशी तिच्या भाकरी थापण्याचा आवाज जरा मोठाच येत होता. प्लॉट आमच्या लायब्ररीतल्या एकानं घेतला. आज त्याचं तिथं तीन मजली घर आहे. वास्तुशांतीला मला जेवायला बोलावून वर म्हणाला, "तुमचाच पायगुण." मी हसलो. जिलबी चांगली होती.

कोर्टानं सांगितलं, भाडेकरूला दुसरी जागा नाही, केस फेटाळली. मालकांनी अपील केलं. पण ज्याच्यासाठी खोल्या हव्या होत्या तो मुलगा तोवर बायकोला घेऊन हैदराबादला नोकरीला गेला, आणि मग मालकच गेले. अपील तिथंच बारगळलं. खांदा द्यायला वडील होते. त्यानंतर ते फारसे खाली उतरेनात. "आता कुणाबरोबर जायचं," म्हणायचे. काही वर्षांनी तेही गेले. खोली आईच्या नावावर झाली आणि मी तिच्याबरोबर राहणारा मुलगा झालो. म्हणजे उद्या आई गेली तर खोली मला. पण मी तिथंच राहत असलो तर. असून अडचण, नसून खोळंबा.

मालकीणकाकूंनी वरची तिसरी छोटी खोली, ती त्यांच्याच ताब्यात होती आणि मालक असेतो सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची, भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पण आता जमाना अकरा महिन्यांच्या कराराचा. भाडं चालू बाजाराप्रमाणं, मुदत संपली की चालू पडा. नवी नवी माणसं यायची. एकदा एक जोडपं होतं, वर्षाचं बाळ. बाळ माझ्या आईच्या मांडीवर वाढत होतं म्हणायला हरकत नाही. करार संपला, काकूंनी भाडं वाढवून मागितलं, ते परवडेना. गेले. तक्रार नाही, भांडण नाही, दुपारी टेम्पोत सामान भरलं, झालं. जाताना ती पोरगी आईच्या पाया पडली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "तुमचं बरं आहे काकू, तुम्हाला इथून कुणी काढू शकत नाही." खरं होतं ते. आम्हाला तिथून कुणीच काढू शकत नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

मग आईचे गुडघे गेले. एका संक्रांतीला ती खाली काकूंकडं हळदीकुंकवाला गेली, वर येताना दोराला धरून मधल्या पायरीवर बराच वेळ बसली, आणि वर पोचल्यावर म्हणाली, "झालं बाबा माजं खाली जाणं." आम्हाला वाटलं दमलीय. ती खरंच परत उतरली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडदा लावून भोकाची खुर्ची ठेवली. वर संडास बांधणं शक्यच नव्हतं, दोराची कथा माहीत आहे तुम्हाला. माझी आई आयुष्यभर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून खाली जाऊन यायची, कुणाला कळू द्यायची नाही. तिचं भांडं आता सून उचलत होती. बायकोनं कधी नाक मुरडलं नाही, उलट मला दटावलं, की तिच्यासमोर फिनेल ओतू नका. पण आईला ते सोसवेना. तिनं कुणाला न सांगता त्यावर उपाय काढला. पाणी प्यायचं बंद केलं.

आम्हाला कळलं ते ती चक्कर येऊन पडल्यावर. एप्रिल होता. डॉक्टरांना दोर धरून वर यावं लागलं, ते जिन्यावरच चिडले. आईला सलाइन लावलं आणि मला दाराशी नेऊन म्हणाले, "लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीयेत त्या. मूत्रपिंडावर आलंय. औषध मी देईन, पण त्यांना खालच्या मजल्यावर न्या. लवकर न्या. नाहीतर पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग नाही."

मी आत बघितलं. आई पत्र्याकडं बघत पडली होती, ओठ सुकलेले. मला रडू आलं नाही, संताप आला. तिचा आला, बापाचा आला, त्या दोराचा आला.

कायद्याचं एकदा विचारून तरी घेऊ, असं बायको किती वर्षं म्हणत होती. पण आमच्या घरचा नियम, विचारलं की कळलं. सोलापुरात वकिलाला विचारलं, की त्याच्या मेव्हण्याला कळतं, मेव्हण्याचं दुकान नवी पेठेत, चार दिवसांत मालकांच्या घरी, की यांचं घर घ्यायचं चाललंय. म्हणून आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही. वडील ऐकीव कायद्यावर जगले, मी वडिलांच्या ऐकीवावर. त्या आठवड्यात मी एसटीनं पंढरपूरला गेलो. लोक तिथं देवाला जातात, मी वकिलाला गेलो. लॉजच्या गल्लीत एका जिन्याखाली ऑफिस, आणि वकीलबाई माझ्या निम्म्या वयाची.

"सोलापूरहून हे विचारायला इथं आलात?"

"हो."

"तिथं वकील नाहीत?"

"आहेत. म्हणूनच."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुसरं घर घेतलं की जुनी जागा जाते, हे जुन्या कायद्यात होतं. नवा कायदा आला त्यात ते कारण घेतलंच नाही. केस चालू असती तर कोर्टानं तुमची सोय बघितली असती, ते वेगळं. आता केस कुठंय?"

"नवा म्हणजे कधी आला?"

तिनं सांगितलं. मी मनात माझ्या लग्नाशी पडताळून पाहिलं. लग्नाच्या आधी आला होता. प्लॉट आला तेव्हा ते कलम मेलेलं होतं, आणि वडील त्या मेलेल्या कलमाला भिऊन चष्मा पुसत होते.

"आणि कुलूप?" मी विचारलं. "एक दिवस सगळेच लग्नाला गेलो तर?"

तिला प्रश्नच कळला नाही. कळल्यावर म्हणाली, "तर जेवून या."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर तीच मागून म्हणाली, "काका, भाडेकरूला जागा सोडून जायला कायद्याची परवानगी लागत नाही. कधीच लागत नव्हती." येताना एसटीत खिडकीशी बसून मी बापाला मनसोक्त शिव्या दिल्या. पण बापाशी भांडायला बाप जिवंत लागतो. मोहोळ येईपर्यंत माझ्या शिव्या संपल्या, आणि नुसते ते रिक्षातले दोघं डोळ्यांसमोर राहिले.

कर्ज काढलं आणि जुळे सोलापुरात तळमजल्याचा फ्लॅट घेतला. जुना होता, पण दारात रिक्षा येत होती आणि आईच्या खोलीला लागून संडास होता. मी पेढे घेऊन वर आलो, आईला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "तुमी दोगं जावा. मी हितंच."

"आई, तुझ्यासाठीच घेतलंय."

"तुज्या बापानं जलम घातला ह्या खोलीपायी. कोर्टात चपला झिजवल्या. आन मी उठून द्यायची? खोली माज्या नावावर हाय. मी मेल्यावर काय ते करा."

नातेवाइकांनीही तेच लावून धरलं. हक्क सोडू नका, आज ना उद्या बिल्डर येईल, नव्या इमारतीत जागा मिळेल, नवा कायदा येतोय म्हणतात. बिल्डर कुठला? बाजारात तुरी. मेव्हणे, साडू, सगळ्यांना आमचा हक्क प्यारा, त्यातल्या एकालाही ते भांडं उचलायचं नव्हतं. मी आईपुढं रोज तांब्या धरायचो आणि ती ओठ ओले करून परत द्यायची.

एका दुपारी माझा तोल गेला. वीज गेली होती, पंखा बंद, पत्रा तापलेला. मी ओरडलो, "पाणी पी."

"तहान न्हाई."

"सोलापुरात? मे महिन्यात? तुला मरायचंय का इथं? खोली राखायला मरायचंय?"

"व्हय, मरायचंय," आई म्हणाली. "तुज्या बापाला काय तोंड दाखवू?"

"त्यांना सांग, ते कलमच उरलं नव्हतं. त्यांनी तुला इथं उगीच कोंडलं. मलाही कोंडलं."

आई भिंतीकडं तोंड करून पडली. मी दाराशी येऊन उभा राहिलो, आणि तेव्हा लक्षात आलं, की खाली माग बंद आहेत. वीज नाही. बोळात टाचणी पडली तरी ऐकू येईल. म्हणजे मालकीणकाकूंनी सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं जपलेलं गुपित मी भर दुपारी बोंबलून सांगितलं होतं.

दोर हलला. मी वाकून पाहिलं, तर काकू वर येत होत्या. वर्षानुवर्षं त्या वर आल्या नव्हत्या, त्यांचेही गुडघे आईसारखेच. एक पायरी, मग श्वास, मग एक पायरी. मी धरायला गेलो तर हात झटकला. आत येऊन आईच्या कॉटवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"वैनी, माजा पोरगा हैदराबादला बोलावतोय. किती वर्सं बोलावतोय. मी का जात न्हाई, म्हायती हाय?"

आई वळली. "का, अक्का?"

"आमचे मालक सांगून गेलेत. वर भाडेकरू हाय तोवर खाली कुलूप लावायचं न्हाई. कुलूप लागलं की वरचे खाली पसरतात, मग घर गेलं. म्हणून नातवाच्या मुंजीला गेले न्हाई. नातीच्या बारशाला गेले न्हाई."

आई उठून बसली. "आमी? आमी तुमचं घर घिऊ?"

"मग तुमी का दार सोडत न्हाई? आमी तुमचं घिऊ म्हणूनच की."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मी दाराशी डोक्याला हात लावून उभा. खालची वरच्यांना भिऊन घर राखत होती, वरची खालच्यांना भिऊन. आणि दिवाळीला फराळाची ताटं खालीवर जात होती.

काकूंनी आईचा हात धरला. "खोटं बोलत न्हाई वैनी. मला तुमी जायला पायजे. तुमी हाय तोवर हे घर विकत न्हाई, मोडत न्हाई, मला मोकळीक न्हाई. पन तुमाला चौघांनी खाली आणावं, असं नको मला. त्याच्या आत चला."

मग वीज आली. खाली एक माग सुरू झाला, दुसरा सुरू झाला. आई म्हणाली, "तांब्या आण रे." बायकोनं आणला. आईनं तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा रिकामा होता. बायको मोरीकडं तोंड करून उभी राहिली, मला कळलं ती रडतेय.

ताबा द्यायचा म्हणजे किल्ली द्यायची, अशी रीत. पण आमच्या घराला कुलूपच नव्हतं, किल्ली कुठली आणणार? शेवटी मी नवी पेठेत जाऊन कुलूप विकत आणलं. मी कागदावर लिहिलंही, आईनं आणि काकूंनी सह्या केल्या. वडील आणि मालक जे आयुष्यभर टाळत आले ते दहा मिनिटांत झालं. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कारखान्यातल्या दोन कामगारांनी उतरवलं. ती सबंध जिनाभर दोर धरून होती. त्यांनी सांगितलं, आजी सोडा, अडकतंय. सोडेना. खाली आल्यावर काकूंनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि हातात चहाचा कप दिला. मी वर जाऊन दाराला कुलूप घातलं. पहिलं आणि शेवटचं. किल्ली काकूंना दिली. पुढच्याच महिन्यात त्याही हैदराबादला गेल्या.

फ्लॅटवर आई सुधारली. वॉकर धरून संडासाला स्वतः जाऊ लागली. पाण्याची बाटली उशाशी. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, आता काळजी नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

आणि मग बायकोच्या भाचीचं लग्न आलं, अक्कलकोटला. मी आठवडाभर आधीच जाहीर केलं, या लग्नाला सगळे जाणार. आईसुद्धा. गाडी दारात येणार, चार पावलं चालायचं. राखण बिखण काही नाही. आई नवीन लुगडं नेसली, बायकोनं तिला गजरा माळला. गाडी आली. बायको पुढं जाऊन बसली. मी कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिलो, आणि आई उंबऱ्याच्या आतच थांबली.

"तुमी व्हा म्होरं. मी बसते घरात."

"आई, चल की."

"कुणीतरी पायजे घरात."

मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, बोललोही. "आई, हे भाड्याचं नाही. आपलं आहे. माझ्या नावावर आहे. इथं मालक आपणच. आता कुणी आपलं घर घेऊ शकत नाही."

आई माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी काही खुळ्यासारखं बोललो की बघायची, तशी.

"मालकांनाबी असंच वाटायचं की," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बायकोनं खिडकीतून आमच्याकडं बघितलं, आईकडं, मग माझ्या हातातल्या कुलपाकडं. मी काही बोलायच्या आधीच तिनं आहेराचं पाकीट पिशवीतून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभा होतो. मग चपला काढल्या आणि आत आलो.